पाठ झालेले शब्द

चि. लिंगू,

तुझी आई गेली, ते तुला कळलंच. तू लांब असल्यानं नांदेडच्या दवाखान्यात तिच्याजवळ मीच होतो. ती गोंडीत काहीतरी सांगत होती. सिस्टर म्हणाली, "मास्तर, तीस वर्षं किनवटकडं शिकवलंत नं? विचारा की, कुठं दुखून राहिलं ते." मला गोंडी येत नाही, हे सांगायचीही लाज वाटली. डॉक्टरांनी अंदाजानं पोटाचं औषध दिलं. दुखणं छातीचं निघालं.

वर्गात गोंडी बोललास की मी तुला उभं करायचो. मी शिकवलेल्या मराठी कविता मात्र तू अर्थ न कळता घडाघडा म्हणायचास, खिडकीबाहेर पळस फुललेला असायचा.

आईचे शेवटचे शब्द मला तसेच पाठ झालेत. तू ते विचारशील आणि अर्थ सांगशील, या भीतीनं हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझा,
ग्यानोबा मास्तर