जुन्या कार्डाने काढलेली सावली

सोमवार, ४ तारीख

देवाच्या कृपेने नव्या घरात सामान लागलं. घर भाड्याचं आहे, पण उजेड भरपूर. दिवसा दिवा लावावा लागत नाही, म्हणजे बिलाला तेवढाच हातभार. आमचे हे म्हणाले, तुला घर नकोच होतं, खिडकी हवी होती. आधी देव मांडले, मगच गॅस पेटवला. आमच्या लेकीने, बिट्टीने, आपला जुना कॉम्प्युटर दिवाणखान्यात खिडकीशी लावून घेतला. एका फर्निचरवाल्याने तिची परीक्षा घ्यायचं ठरवलंय: खोल्यांची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर काढून पाठव, पसंत पडली तर कायमचं काम. आमच्याच खोल्यांची मापं घेऊन ती कामाला लागली. टेपचं दुसरं टोक धरायला अर्थातच मी.

बुधवार, ६ तारीख

चित्र अर्ध्यावर आलं की कॉम्प्युटर गोठतो. बिट्टी म्हणते, आतलं ग्राफिक्स कार्ड दमलंय, चित्राचा सगळा भार त्याच्यावर. नव्या कार्डाच्या किमतीत फ्रीज येईल, शिवाय त्याला पुरेल एवढी वीज द्यायला आतला पॉवर सप्लायही बदलावा लागेल. मी जमाखर्चाची वही उघडली आणि गुपचूप मिटली. दुरुस्तीवाल्याने मधला मार्ग काढला: वापरलेलं, आखूड कार्ड. विजेची वेगळी वायर नको, कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये बसतं. मी भाव पाडत गेले तेव्हा म्हणाला, काकू, आता दुकानच घेऊन जा. कुणाचं होतं, विचारलं. एका गृहस्थाने विकलं, त्यांच्या घरात चित्रं काढणारं आता कुणी उरलं नाही, म्हणाला. बिचारे. घरी आणून देवापुढे ठेवलं, हात जोडले. बिट्टीने त्याची सोनेरी कड खोडरबराने घासली, खाचेत दाबून बसवलं, पडद्याची वायर त्याला जोडली. पडदा उजळला.

शुक्रवार, ८ तारीख

चित्रं आता झरझर होतात. खिडकीतलं ऊन, टेबलाखालची सावली, सगळं खऱ्यासारखं. बिट्टी म्हणाली, आई, तू चिकट आहेस ते एका परीने बरंच आहे. एवढंच की दिवाणखान्याच्या चित्रात माणूस एकही नाही, पण फरशीवर बाईची सावली पडलीय. कार्ड जुनं, चुकतं कधी कधी, असं ती म्हणाली. तिने चित्र पुसून पुन्हा काढायला लावलं. सावली पुन्हा आली, जरा ठळक होऊन.

शनिवार, ९ तारीख

आज सावलीला वेणी होती. खांद्यावरून पुढे घेतलेली, बिट्टी घेते तशी. बिट्टी हसली, बघ, कार्डाची माझी ओळख झाली. मला काही हसू आलं नाही.

दुपारी ती खिडकीशी उन्हात केस विंचरत होती. फरशीवर खुर्चीची सावली होती. फणीचीही होती, वरखाली होणारी. बिट्टीची नव्हती.

रविवार, १० तारीख

यांना सांगितलं तर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. मग त्यांनी बिट्टीला गॅलरीत उभं केलं आणि तिच्या पायाशी फरशीवर पाहिलं. आत येऊन स्वतःचाच चष्मा पुसत बसले.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. माल परत होत नाही काकू, असं त्याने सुरू केलं. मी सावलीचं बोलले तशी त्याची जीभ अडखळली. म्हणाला, त्या गृहस्थांची सूनही आधी सावलीचंच बोलायची. पुढे तिचं काय झालं विचारलं, तर फोन ठेवला.

बंद कर म्हटलं तर बिट्टी ऐकत नाही. शेवटचं चित्र राहिलंय, हातचं काम जाईल म्हणते. ती पाणी प्यायला उठली. खोलीत कुणी नाही म्हणून मी सवयीने कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. चित्र निम्मं झालं होतं — स्वयंपाकघरात पेला पडला. बिट्टी जमिनीवर बसली होती. पाय माझे नाहीत असं वाटतंय, म्हणाली.

सोमवार, ११ तारीख

डॉक्टर म्हणाले अशक्तपणा.

कार्ड उपटून काढलं. बिट्टीचा आवाज बारीक होत गेला — ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. पुन्हा बसवलं. आवाज परत आला.

म्हणजे माझी पोर त्यात —

मंगळवार, १२ तारीख

हे दुरुस्तीवाल्याच्या दुकानावर गेलेत. मला थांबवत नाही.

रविवारी अर्धं राहिलेलं चित्र मी पुढे सुरू केलं. उन्हात, तिच्या खुर्चीत मी बसलेय. देवा, तिला सोड, तिच्याबदली मला घे. एवढंच मागणं.

चित्र खाली सरकतंय. फरशीवरची वेणीवाली सावली पुसट — तिच्या जागी जाड, बुटकी. माझी.

पानावर पेनाची सावली पडते. हाताची नाही. चालेल. चालेल मला.

आत पावलं वाजली. बिट्टी उठली. चालतेय माझी बाय. चहा करते म्हणाली, आवाजही स्वच्छ.

आली. माझ्या पाठीशी उभी आहे. ऊन मागून येतंय, तिची सावली या पानावर पडलीय. देवा, तुझे उपकार —

बिट्टीच्या दोन्ही हातांत कप आहेत. सावलीचे हात मोकळे. एक वर येतोय, माझ्या माने —