जावईबापूंची कडू बिअर

मोहाडी, मंडईच्या तोंडावर

ती. मारोतराव साडभाऊ यांस धाकट्या साडूचा, तुलारामचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता मुडपत असेल अशी आशा आहे. शकुनबाईंना त्यांच्या बहिणीने, आमच्या रुखमेने, नमस्कार सांगितला आहे. इकडे धान कापून झालं, भारे बांधून झाले, आणि मीही जवळपास संपलोच आहे. फोन केला असता, पण रुखमा कान देऊन असते, आणि माझा मोबाइल आमचे जावई योगेंद्र पुण्याहून आले तरच चालवून देतात (चष्मा माझा, बोटं त्यांची). म्हणून हे पत्र.

दुःख बिअरचं आहे. आपण दोघं साडू वर्षातून एकदा, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाहुणे जमले की बसतो. सकाळपासून शेतातल्या तळ्यात, आपल्या बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवलेली साधी पिवळी बाटली, सोबत तळलेले झिंगे, आणि गावात नाटकाचा भोंगा. याहून जास्त मी देवाजवळ काही मागितलेलं नाही. गेल्या मंडईला तुम्ही गुडघ्यापायी आला नाहीत, आणि आमच्या लेकीसोबत, डिंपलसोबत, जावईबापू पुण्याहून डब्यांची पेटी घेऊन आले. तिकडे म्हणे बिअर थोडी थोडी, अगदी जीव लावून बनवतात. पहिला घोट घेतला, तर कडुलिंबाच्या काढ्यात कोणी संत्र्याची साल पिळल्यासारखं वाटलं. पण जावयाने आणलेल्या वस्तूला नाव ठेवायची आपल्यात रीत नाही. मी 'वा!' म्हणालो. मारोतराव, त्या एका 'वा'ने माझा घात केला.

तेव्हापासून दर फेरीला पेटी येते. एक काळी, कॉफीच्या वासाची. एक आंबट, शिळ्या ताकासारखी. बोडीत ठेवू देत नाहीत, फार थंड केली तर चव मरते म्हणे (मरू द्या की!). वरून म्हणतात, "मामाजी, तुमची ती पिवळी लागर बिअर म्हणजे नुसतं फेसाचं पाणी. आता कुठं तुमची जीभ तयार होऊन राहिली." मी जरा तोंड वाकडं केलं की आतून रुखमा, "जावयानं एवढ्या दुरून आणली न, मंग काहून तोंड वाकडं करून राहिले?" आणि यंदा मंडईच्या सगळ्या पाहुण्यांना हीच पाजणार आहेत, कारण मामाजी शौकीन आहेत. पाहुणे थुंकतील आणि नाव माझं घेतील. माझं या घरात काही चालत नाही हो.

आपला अभागी,
तुलाराम

ता. क. खरं काम हे की, येताना आपल्या साध्या पिवळ्या दोन बाटल्या धानाच्या कोंड्याच्या पोत्यात लपवून आणा. मंडईत एक तरी मनासारखी पिऊ द्या मला.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला निघालो, तर शेजारच्या कैलाशने थंडगार पिवळी बाटली हातात ठेवली. आडोशाला बसून, डोळे मिटून प्यालो. चव काही लागलीच नाही. अर्धी संपली तरी मी कडूची वाट पाहत होतो. साडभाऊ, जीभही गेली माझी. खरंच रडू आलं. तेव्हा बाटल्या आणू नका. योगेंद्रला मात्र फोन करून सांगा, की पेटीत त्या संत्र्याच्या सालीवाल्या जरा जास्त ठेवा. तुम्हालाच आवडतात म्हणा. माझं नाव घेऊ नका.