फियाट, गुरुवारच्या आत

रविवार, ८ नोव्हेंबर १९८७

केळव्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडली होती, ते आज दिवसभर आठवतंय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ऐन मे महिना. ह्यांनी बॉनेट उघडलं, माझा नवा रुमाल विहिरीच्या पाण्यात भिजवून इंजिनातल्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ठेवला – "ताप उतरू दे तिचा" – आणि आम्ही चिंचेखाली बसून करवंदं खाल्ली. विशेष काही बोललो नाही. नुसते बसलो होतो.

आज ही फियाट मात्र सुरूच होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही.

सप्टेंबरात ह्यांना झटका आला तेव्हापासून ती शेडमध्ये उभी. उजवा हात आता जरा हलतो, वाचा मात्र गेली ती गेलीच. येत्या गुरुवारपासून बोईसरच्या दवाखान्यात मुंबईच्या एक बाई येणार आहेत, बोलायचे व्यायाम शिकवायला. डॉक्टरांनी बजावलंय – हेच महिने हातचे, पुढे जीभ तशीच राहते. एस.टी.ची पायरी ह्यांना चढवत नाही. म्हणजे गुरुवारच्या आत गाडी हवी.

सोमवार, ९

विश्रामभाऊजी आले. शेजारची वाडी त्यांची. चिकूचा टेंपो स्वतः चालवतात, सगळं आयुष्य डिझेलवर गेलेलं. इकडे ठोकलं, तिकडे हलवलं.

"वहिनी, पंपाचा पडदा फाटला. बोईसरशिवाय नाय होनार."

"बोईसरला जायलाच तर गाडी हवीय, भाऊजी!"

"मंग टेंपोत घालू दादाला. चिकूबरोबर!"

ह्यांनी डावा हात झाडला. हसले असावेत. तोंडाची एकच बाजू हसते, ओळखायला वेळ लागतो.

मंगळवार, १०

ह्यांची खुर्ची शेडच्या दारात आणली. मी पदर खोचून बॉनेटखाली – आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदर सुपीरियरनं पाहिलं असतं तर!

पद्धत अशी ठरली: मी एकेका वस्तूवर बोट ठेवायचं, बरोबर असलं की ह्यांनी खुर्चीचा हात बडवायचा. आधी प्लग. ठिणगी पडते. मग पंपाची नळी सोडवून पंपाची दांडी हातानं हलवली. नळीतून धार येते – म्हणजे पडदा शाबूत! भाऊजी तोंड फिरवून विडी शोधायला लागले. "इथं नको!" मी ओरडले.

पंपाखाली एक काचेची वाटी असते. तिच्यावर बोट ठेवलं मात्र – धाड धाड धाड!

सोडवली. वर नारिंगी पेट्रोल, खाली गढूळ पाणी. चक्क दोन थर, विज्ञानाच्या वहीतल्या आकृतीसारखे. वास घेतला. आंबट! शिळ्या ताडीचा!

भाऊजींनीही हुंगलं. "अगो बाय! वहिनी, गाडी पिऊन पडली हाय!"

मंदावन्सं – ह्यांची धाकटी बहीण, आमच्याकडेच असतात – ओट्यावर माठाची भाजी निवडत होत्या. "तुमीच पाजली असंल," भाऊजींना म्हणाल्या.

"मी? ताडी अशी वाया घालवीन मी?"

सगळे हसलो. वन्संचा हात मात्र भाजीवर थांबला.

संध्याकाळी माझ्याजवळ आल्या. "वहिनी, ताडी नाय ती. नारळाचं पाणी हाय."

दसऱ्याला गाडीची पूजा दरवर्षी हे करत. नारळ फोडून पाणी सगळ्या गाडीवर शिंपडत, बॉनेटपासून पार मागच्या पेट्रोलच्या झाकणापर्यंत. आम्ही बायका ताट घेऊन मागे उभ्या. पुढे काय चाललंय ते नीट कुणी पाहिलंय! यंदा पूजा वन्संनी केली.

"दादा मागं जाऊन झाकणापाशी वतायचा ना? मला वाटलं, आत वततो. मी झाकण काढून वतलं. दोन नारळांचं. एक गाडीचा, एक दादाला बरं वाटू दे म्हणून."

मला रागवायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण ह्यांनी सगळं ऐकलं होतं. डावा हात लांब करून वन्संच्या डोक्यावर ठेवला, आणि खांदे गदगदू लागले. हसत होते!

बुधवार, ११

टाकीचं खालचं बूच काढून सगळं घमेल्यात रिकामं केलं. कार्ब्युरेटरमध्येही तेच आंबट पाणी – पुसलं, फुंकलं. भाऊजींनी पालघरहून ताजं पेट्रोल आणलं. मी पंपाची दांडी हातानं हलवत राहिले, काचेची वाटी भरताना दिसली. मग चावी.

खोकली, खोकली – धरली!

वन्संनी दृष्ट काढली. गाडीची नाही, माझी.

गुरुवार, १२

बोईसरला जाऊन आलो, गाडी मीच चालवली. बाई अगदी तरुण आहे. ह्यांना आरशासमोर बसवून नुसतं "आ" म्हणायला लावते. कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्ताभर सायकली. मला हॉर्न वाजवायचं सुचेना. एकजण खिडकीत डोकावून, "माताजी, आराम से!"

गुरुवार, ३ डिसेंबर

आज "पाणी" म्हणाले. स्वच्छ! वन्संनी तांब्याच आणला.

रविवार, १७ जानेवारी १९८८

आज सबंध वाक्यं बोलले. सावकाश, जड, पण सबंध. जेवणानंतर मला समोर बसवलं. किती वाट पाहिली होती मी!

तर ही निरवानिरव – पान्यांची पेटी विश्रामला. आईच्या पाटल्या मंदाला, आणि विहिरीकडची चिकूची ओळही. ती तिच्या नावावर करायची, तोंडी नको. गरम कोट वाडीवरच्या जिव्याला, थंडी संपायच्या आत.

"आणि मला?" मी थट्टेनं विचारलं.

"गाडी," म्हणाले. "मार्चमध्ये सर्व्हिसिंग. तूच घेऊन जा."