येफिमभाऊंचं नेपथ्य आणि आप्पांची खोली

भोपाळ,
कोजागिरीचा दुसरा दिवस
(क्वार्टर तोच, खोली एक कमी)

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या सुधाकरचा साष्टांग नमस्कार (गुडघा अजून वाकत नाही, तूर्त कागदावरच मान्य करून घे). वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझं ब्लडप्रेशर, वहिनींची कंबर आणि इंदूरची हवा ठीक असेल अशी आशा करतो. वहिनींनी हॉलला गुलाबी ऑइलपेंट दिल्याचं सरोजला कळलं. फार छान केलं. डाग पडला तरी ओल्या फडक्याने निघतो म्हणे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आप्पांची प्रकृती उत्तम, भूक चांगली, नवी कवळी बसली. काळजी करण्यासारखं काहीही नाही. फक्त आप्पांची खोली पाडली, एवढंच.

तू लगेच ट्रंककॉल बुक करू नकोस. सगळं क्रमाने सांगतो, आणि क्रमाने सांगायचं तर सुरुवात रशियापासून करावी लागेल.

आमच्या कारखान्यात टर्बाइनच्या कामावर काही रशियन तज्ज्ञ आले आहेत हे तुला मागे लिहिलं होतं. त्यांत वेराबाई नावाच्या एक इंजिनिअर आहेत. त्या सकाळी हेल्मेट घालून कारखान्यात जातात आणि त्यांचे यजमान घरी असतात. टाउनशिपमधल्या बायका पहिले काही दिवस या गृहस्थांकडे फार दयेने बघत होत्या. पुढे कळलं की ते चित्रकार आहेत आणि तिकडे नाटकांचं नेपथ्य करायचे. मग दया आणखी वाढली. नाव येफिम ल्वोविच. आम्ही येफिमभाऊ म्हणतो. उंच, पांढरी दाढी, पायांत सोनागिरीच्या बाजारातल्या रबरी चपला, आणि हिंदी जेमतेम भाजी घेण्यापुरती (भाव करता येत नाही, त्यामुळे भाजीवाल्यांत फार लोकप्रिय).

त्यांचं चरित्र वेराबाईंनी एकदा आमच्याकडे जेवताना इंग्रजीत सांगितलं. सरोजने केलेल्या भरल्या वांग्यांमुळे त्यांना मधेमधे थांबून पाणी प्यावं लागत होतं, तेव्हा काही वर्षं सुटली असतील. वडील व्होल्गाकाठच्या एका गावात होड्यांवर नावं रंगवायचे. हा मुलगा नावाखाली पाणी रंगवायला लागला, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली की पाणी खाली आहेच, पैसे कशाचे? तिथून हा नाटकाकडे वळला. एका आडगावच्या थिएटरात सगळी उमर काढली. तिकडच्या दिग्दर्शकांना प्रत्येक नाटकात बर्फ लागतो, त्यामुळे यांचा अर्धा जन्म पांढरा रंग कालवण्यात गेला. स्वतःची निसर्गचित्रं काढली, ती कुणी घेतली नाहीत. लढाईत यांना कारखाना रंगवायला बसवलं होतं. म्हणजे खरा नव्हे, खोटा. मोकळ्या मैदानात लाकूड आणि कापडाचा कारखाना उभा करायचा, म्हणजे शत्रूची विमानं तिथे बाँब टाकतील आणि खरा वाचेल. विमानं आली आणि सगळे बाँब यांच्या कापडावर टाकून गेली. माझ्या कामाची एवढी दखल नंतर कुठल्याही समीक्षकाने घेतली नाही, असं येफिमभाऊंचं म्हणणं. हे सांगताना ते हसले नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही.

आता खोलीविषयी. तुला आठवत असेलच, मागच्या व्हरांड्याला विटा लावून, वर पत्रा टाकून आपण आई-आप्पांसाठी ती खोली केली. टाउनशिपमध्ये असं बांधकाम करायला परवानगी नाही आणि न केलेला एकही क्वार्टर नाही. एस्टेट खात्याची माणसं तपासणीला येतात, पुढच्या खोलीत बसून चहा घेतात, आणि मागच्या दाराकडे पाठ करून बसतात. खुर्च्या आपण तशाच मांडून ठेवायच्या असतात. एस्टेटचे दुबेसाहेब तर इतके सज्जन की पाठ करून बसल्यावरही डोळे मिटून चहा पितात. या खोलीची खिडकी रशियाहून मशिनं आली त्या खोक्यांच्या लाकडाची होती. चौकटीवर काळी रशियन अक्षरं आणि एक बाण. येफिमभाऊंनी पहिल्याच भेटीत ती खिडकी पाहिली आणि जवळ जाऊन चौकटीला नाक लावलं. बराच वेळ लावून होते. आमच्या सुताराने चौकट उलटी बसवली आहे, अक्षरांचा अर्थ "ही बाजू वर" असा आहे आणि बाण जमिनीकडे आहे, हे नंतर वेराबाईंनी सांगितलं.

पण ते मुळात आमच्याकडे आले का, तर विलास डबीरमुळे. हा आमच्या मंडळाचा चिटणीस, दिग्दर्शक आणि गणेशोत्सवातल्या नाटकाचा कायमचा लेखक. यंदाचं नाटक एका जमीनदार घराण्याचं. दिवाणखाना, टेलिफोन, माडीवर जाणारा जिना, सगळं नेहमीचं. एवढा मोठा नेपथ्यकार टाउनशिपमध्ये रिकामा बसलाय म्हटल्यावर विलासने त्यांना गाठलं. येफिमभाऊंनी विचारलं, या घरात कोण राहतं? विलास म्हणाला, मराठी कुटुंब. ते म्हणाले, मग मला एखादं मराठी कुटुंब दाखवा. मंडळाच्या हॉलपासून सगळ्यात जवळ आमचा क्वार्टर. विलासने बोट केलं आणि स्कूटरवरून निघून गेला.

आम्हाला यातलं काही ठाऊक नाही. आम्हाला वाटलं, परदेशी पाहुणा चहाला आलाय. तो रोज यायला लागला, तेव्हा आम्ही घर जरा बरं दिसावं म्हणून एकेक करत गेलो. शेजारच्या सुमित्राबाईंचा सोफा आणला. फ्रिज स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आला. त्यावर फुलदाणी आली. प्रत्येक वेळी येफिमभाऊ पुढची खोली बघायचे, त्यांचा चेहरा उतरायचा, आणि ते सरळ मागे आप्पांकडे जाऊन बसायचे. तिथे मांडीवर वही घेऊन काढत राहायचे. आप्पा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे, अर्थात मराठीत, आणि अर्थात आईविषयी. येफिमभाऊ मान हलवायचे. सरोज म्हणाली, पाहुणा मागेच बसतो तर मागचीही खोली नीट करू. रविवारी मी आणि तिने चुन्याचे दोन हात मारले. संध्याकाळी आप्पा फिरून आले, दारात थांबले आणि "ती भिंतसुद्धा?" एवढंच बोलले. तेव्हा आमच्या लक्षात आलं. आई शेवटची वर्षं जिथे पाठ टेकून तांदूळ निवडायची, तिथे तिच्या केसांच्या तेलाचा डाग होता ना, तो गेला होता. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले. दादा, मला फार वाईट वाटलं. चुना खरवडून बघितला, पण डाग मिळाला नाही.

नाटकाच्या दिवशी हॉल तुडुंब भरला होता. प्रमुख पाहुणे दुबेसाहेब, सपत्नीक. येफिमभाऊंनी आदल्या दिवसापासून रंगमंचावर कुणाला फिरकू दिलं नव्हतं, आणि विलासला वाटत होतं की आत रशियन थाटाचा जिना बनतोय. पडदा उघडला. जिना नव्हता. समोर आप्पांची खोली होती. वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला स्कूटरचा टायर, आप्पांची खाट, खुंटीवरची कानटोपी, उलट्या रशियन अक्षरांची आणि जमिनीकडे बाणाची ती खिडकी. येफिमभाऊ कॅनव्हासवर इतकं हुबेहूब रंगवतात की ओल आलेल्या कोपर्‍यात मला वास आला. आणि पाठीमागच्या भिंतीवर, खाटेच्या डावीकडे, आईचा डाग. त्यांनी तो पहिल्या दिवशीच वहीत काढून घेतला होता.

अख्ख्या हॉलने खोली ओळखली आणि टाळ्या वाजवल्या. पुढचं नाटक आमच्या लोकांनी हिमतीने केलं हे मान्य केलं पाहिजे. जरीचा फेटा बांधलेले जमीनदार पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकून आले आणि या वाड्याच्या खांबांना पूर्वजांच्या पराक्रमाचा इतिहास आहे, असं म्हणाले. माडीवर जाण्याचं वाक्य आलं तेव्हा ते विंगेत जाऊन थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. टेलिफोन नव्हता, तर धाकट्या सूनबाई खुंटीवरच्या कानटोपीत बोलल्या. दुसर्‍या अंकात इस्टेटीच्या वाटणीवरून भांडण पेटलेलं असताना आप्पा पहिल्या रांगेतून उठले, कडेच्या पायर्‍या चढून रंगमंचावर गेले आणि खाटेवर बसले. डागाच्या बरोबर शेजारी. आईपुरती जागा सोडून. नाटक संपेपर्यंत ते तिथेच होते. भांडणार्‍यांनी त्यांच्याभोवतीनं भांडण पुढे नेलं. सगळ्यांत जास्त टाळ्या आप्पांना मिळाल्या. मी विंगेजवळ उभा राहून रडत होतो, आणि विलासही रडत होता, पण त्याची कारणं वेगळी असावीत.

दुबेसाहेब भाषणाला उठले. नेपथ्याची फार तारीफ केली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐसा कमरा मैंने टाउनशिप में कभी देखा नहीं है. कल सुबह देखने आऊँगा." आले. या वेळी खुर्ची फिरवून बसले. त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, "सुधाकरजी, मुझे तो कोई तकलीफ़ नहीं थी. पर अब मिसेस ने भी देख लिया है." आठवड्याभरात माणसं आली आणि दुपारच्या आत खोली पाडून गेली. दादा, त्या माणसाने तिकडे खोटा कारखाना रंगवून खरा वाचवला आणि इकडे आमची खरी खोली इतकी खरी रंगवली की ती गेली. विटा पडत होत्या तेव्हा येफिमभाऊ तिथेच उभे होते. खिडकीची चौकट त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही, खांद्यावर घेऊन घरी गेले. वेराबाईंची मुदत संपली, पुढच्या महिन्यात ते परत निघतात. ती चौकट ते रशियाला घेऊन जाणार आहेत. निदान ते तरी ती सरळ बसवतील.

खोली पाडल्याच्या दुसर्‍या दिवशी येफिमभाऊ हातगाडीवर नाटकातली ती मागची भिंत घेऊन आले. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, डागासकट. मागच्या अंगणात उभी करून दिली. पाहणीला आलेले दुबेसाहेब तिला हात लावून "ये तो कपड़ा है" म्हणाले आणि निघून गेले. आप्पा दुपारभर तिच्यासमोर बसतात आणि रात्री पुढच्या खोलीत सुमित्राबाईंच्या सोफ्यावर झोपतात (पाय बाहेर राहतात). एकूण सगळं झकास चाललं आहे. तुझ्याकडून काहीही नको. केवळ खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुझा
सुधाकर

ता. क. थंडी सुरू झाली आहे. सुमित्राबाईंच्या जावयाला दिवाळीत बसायला सोफा हवा आहे. तर आप्पांना थंडीपुरतं तुझ्याकडे पाठवावं असं आम्हा दोघांना वाटतं. थंडी म्हणजे साधारण पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

ता. क. (दुसरा) आप्पा यायला तयार आहेत, पण भिंत सोडून येत नाहीत. ती रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) येईल, आप्पा लागून असलेल्या डब्यात बसतील. तरी तुझ्या हॉलच्या छताची उंची मोजून लगेच कळव. वहिनींना सांग, गुलाबी रंग अगदी तसाच राहील, फक्त त्याच्यापुढे आमची भिंत असेल. आणि तिच्यावर ओलं फडकं फिरवायचं नाही, हे मोलकरणीला दहादा बजावून ठेव.

ता. क. (तिसरा, हा आप्पांनी शेजारी बसून लिहायला लावला आहे) भिंत टेबलावर किंवा स्टुलावर ठेवायची नाही, जमिनीलाच टेकवायची. उंच ठेवली की आई उभी असल्यासारखी दिसते. जन्मभर उभीच होती, आता बसू दे, असं आप्पा म्हणतात.