बंद चाकावर नजर

३ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

बातमी आधी, खुशाली नंतर. मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त होणार आहे. शाळेत जाताना ज्याच्याखाली थांबून, हे चालत का नाही, म्हणून मी तुझं डोकं खात असे, तेच. परदेशातून एक इंजिनिअर येणार. त्याच्या हाताखाली इथला एक घड्याळजी हवा. पुढची देखभालही त्याच्याकडेच. मी नाव दिलं आहे.

अडचण एकच. इंजिनिअर उमेदवारांची पारख स्वतः करणार, आणि तीही इंग्रजीत. मनगटावरच्या घड्याळांत माझं आयुष्य गेलं. खोलीएवढं घड्याळ एकदा तरी उघडायचं आहे. मला सुटे शब्द येतात, पण एका तोंडवळ्याचे आले की घात होतो. सी, लुक, वॉच. पुस्तकात तिन्हींपुढे 'पाहणे' लिहिलं आहे. मग तीन कशाला? हिअर आणि लिसनचंही तेच. तू नर्स होतीस, इस्पितळात राबता राबता इंग्रजी शिकलीस. तूच सांग. ही म्हणते, शिंगं मोडून वासरात शिरलात.

लोभ चालू ठेव. त्याला किल्ली द्यावी लागत नाही.

तुझा,
बारक्या

९ जून

चि. बारक्यास अ. उ. आ.

पत्र दारातच उभ्यानं वाचलं. दूध उतू गेलं, ते तुझ्या नावावर.

शब्द पुस्तकातून उचलू नकोस, वॉर्डातून उचल. दार उघडलं आणि रोगी दिसला, ते सी. वाकून त्याची जखम पाहिली, ते लुक. सलाईनच्या थेंबावर नजर ठेवून बसलो, ते वॉच. म्हणजे जे हलतं, बदलतं, त्याच्यावर वॉच. डॉक्टरांचं बोलणं सगळ्या वॉर्डाच्या कानावर पडतं, ते हिअर. ज्याला बरं व्हायचं आहे तो ते मनावर घेतो, ते लिसन. तू लहानपणी माझं नुसतं हिअर करायचास.

सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंसाठी तू वेगवेगळ्या वाट्या ठेवतोस ना? तसेच हे शब्द ठेव. आणि घाबरू नकोस. घाबरलास की तू भराभर बोलतोस, मराठीतसुद्धा.

वहिनींना सांग, वासरंच पुढे धावतात.

माया आहे तशीच आहे, तपासायला येऊन जा.

ताई

२१ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

परवा पारख झाली.

तुझं ऐकून पाच वाट्या मांडल्या होत्या. ही म्हणाली, वाट्यांत शब्द आणि ताटात काहीच नाही. तरी रोज घोकलं. मनोऱ्याच्या जिन्यावरही घोकत गेलो.

वर इंजिनिअर एकटाच होता. उंच, थोडा वाकलेला, बाह्यांना तेल. त्यानं मोठ्या चाकाकडे बोट केलं आणि मला वॉच करायला सांगितलं. चाक बंद. पण तुझा नियम पक्का होता, जे हलतं त्याच्यावर वॉच. म्हटलं, आता हा कुठून तरी चाक हलवणार, मी नजर ठेवायची. मी चाकासमोर ठाण मांडलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चाकाकडे. चाक दोघांकडे. त्याला वाटलं असेल, केवढा विचारी माणूस. मला वाटलं, संपलं.

शेवटी जीव मुठीत धरून म्हणालो, "सर, नो मूव्ह. नो वॉच. लुक?"

तो इतका हसला की कबुतरं उडाली. ताई, त्याचीही भाषा वेगळीच निघाली. इंग्रजी त्यानंही मोठेपणी शिकलेलं. हे तीन शब्द त्यालाही छळतात, असं त्यानं हातवारे करत सांगितलं. मी त्याला खुणांनीच वाट्यांची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघांनी वाकून चाक पाहिलं. दात झिजले होते. कोणते, ते त्यानं दाखवलं; वंगण कुठे सुकलंय ते मी. बोलणं फार झालं नाही. उतरताना त्यानं जिन्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

काम मला मिळालं. सोमवारपासून जायचं आहे. ही मघापासून शेजारी सांगत सुटली आहे आणि मला म्हणते, गावभर करू नका.

घड्याळ बंद पडलं तरी लोभ बंद पडू नये.

तुझा,
बारक्या

२७ जून

चि. बारक्यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. ती विचारत होती, त्या बंद चाकासमोर उभं राहायला कुणी शिकवलं. मी विषय बदलला.

काटे जोडायचा दिवस ठरला की कळव. मी येते. गुडघे दुखतात, पण जिना चढेन. आपण दोघं खाली उभं राहून बंद काट्यांकडे पाहत होतो, तेव्हा ते नुसतं लुक होतं. या खेपेला मी वॉच करणार.

आणि पहिला ठोका पडला की मला काही समजावून सांगू नकोस. लिसन.

तुझी,
ताई