दोनशे बारा पुड्या

ता. ७ नोव्हेंबर १८६४. अकोला.
पोचलो बुवा एकदाचे! बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण मन खुशीत आहे. मोर्णेच्या काठी कंपनीचं ऐसपैस आवार आहे, सभोवार भिंत. आत सरकी काढायच्या रेच्यांची लांबलचक पडवी, गाठी दाबायचं यंत्र, मजुरांच्या झोपड्या, आणि कोपऱ्यात आमच्यासाठी दोन खोल्या. नदीपलीकडे जुनं शहर. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाल्यापासून इथे नुसती झुंबड उडाली आहे म्हणतात. जमुना दारातली विहीर बघूनच हरखली. तिला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी मेहकरला व्हायचं. ते जवळ पडावं म्हणूनच मी पुण्याची कारकुनी सोडून ही दप्तराची नोकरी धरली.

कारभारी महादेवराव फार अदबीने बोलले. दप्तराचा उकिरडा झाला आहे, तो तेवढा निपटा, एवढंच म्हणाले. पुण्यात मी तीन दप्तरं लावली आहेत, हे काय घेऊन बसलात!

संध्याकाळी नत्थुजी म्हणून इथला म्हातारा दप्तरी कात्री घेऊन आला. इथली रीत ऐकून मला हसूच आलं. कापूस घेताना प्रत्येक गाठीतला मूठभर नमुना बांधून ठेवतात, पुढे तंटा झाला तर पडताळायला. तशी भिंतीच्या आत राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या केसांचा आणि नखाचा नमुना पुडीत बांधून वर लाखेची मोहर करतात. सही कुणाला येत नाही, आणि एका नावाची सात-सात माणसं. मग ओळख पटवायची कशी? डोकं आहे हो! माझ्या शेंडीचं टोक कापलं. जमुना केसाला कात्री लावू देईना, तेव्हा तिची विंचरताना निघालेली गुंतवळ दिली. दोघांच्या पुड्या एकाच लाखेने, एकाच वेळी बंद झाल्या.

ता. १० नोव्हेंबर.
दप्तरखाना पाहिला. शी! शी! शी! दार उघडताच ओल्या डोक्याचा, महिनोन् महिने न न्हालेल्या माणसाचा वास अंगावर आला. दोनशे बारा माणसांचे कागद रुमालात बांधलेले, आणि प्रत्येक कागदाला त्याची पुडी दोऱ्याने टांगलेली. नाव कागदावर, पुडी कोरी. कित्येक मोहरा तडकलेल्या. त्यांतून केस बाहेर आलेले, हातहात लांब, एकमेकांत गुरफटलेले. पुडीत चिमूटभर केस घालतात असं नत्थुजी म्हणतो, मग हे हातभर कुठून आले? हलगर्जी, दुसरं काय. एक पुडी उचलली तर खाली पिवळी नखं सांडली, माझ्या धोतरावर. विहिरीवर जाऊन तीन वेळा अंघोळ केली. जेवण गेलं नाही.

ता. १६ नोव्हेंबर.
आज दप्तराला शिस्त लावली. असला किळसवाणा ऐवज कागदाला चिकटवून ठेवायचा म्हणजे काय! सगळे दोरे कापले. कागद नव्या कोऱ्या रुमालांत, नावांच्या अक्षरवार क्रमाने. पुड्या वेगळ्या, पडवीतल्या टोपल्यांत. दोनशे बारांपैकी एक, नत्थुजीची पुडी, महादेवराव स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवीत, तीही मागवून घेतली. अपवाद कशाला?

म्हाताऱ्याने हात जोडले. "साहेब, दोरा तोडू नोका. कोनाची पुडी कोनाची, मंग मले काय समजन?" असं तीनतीनदा म्हणाला. मी त्याला चांगला झापला. कारभाऱ्यांनी माझी नवी यादी पाहून पाठ थोपटली, अन् दुसऱ्या कामाला लागले.

मोहर तडकलेल्या चौतीस पुड्या अंगणात जाळून टाकल्या. जळक्या केसांचा वास जमुनेला सोसला नाही, बिचारीला दोनदा उलटी झाली. उरल्या एकशे अठ्ठ्याहत्तर.

ता. २१ नोव्हेंबर.
झोपड्यांत साथ आली आहे. पटकी नव्हे, हे काहीतरी भलतंच. रेच्यावर बसलेल्या बाईची नखं कापसात गळून पडली. दुसऱ्या दिवशी केस, मग दात, मग ती. कापसात केस निघतात म्हणून महादेवराव संतापले आहेत. मेलेल्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही.

ता. २५ नोव्हेंबर.
साथ थांबली. मयतांची यादी मीच केली. नीट मोजली, दोनदा.
चौतीस.
योगायोग असेल. पण जाळलेल्या पुड्यांचा आकडा मी लिहून ठेवला आहे, आणि नाव एकाचंही नाही.

ता. २९ नोव्हेंबर.
नत्थुजीला घरी बोलावून समोर बसवलं, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कापसाचा भाव चढला तसे मजूर दुसऱ्या कंपन्यांकडे पळू लागले. तेव्हा ही नमुन्याची युक्ती कुणीतरी आणली. कुणी, ते तो सांगेना. नमुना दप्तरात असेतो माणूस भिंतीला बांधलेला. नदी ओलांडली की घशातून केस वर येतात. आपली पुडी आपल्याच हाताने फोडली तर माणूस मोकळा होतो. दुसऱ्याने फोडली किंवा जाळली, तर तो मेला. आत जन्मलेल्या मुलाचीही पाचव्या दिवशी पुडी करतात. महादेवरावांनी स्वतःची कधीच दिली नाही. नत्थुजीची मुलगी अमरावतीला आहे. तीन वर्षांत त्याने तिचं तोंड पाहिलेलं नाही.

मी त्याला खुळचट म्हणालो. तो उठून गेला. पडवीतल्या टोपल्यांकडे मला बघवत नाही.

ता. ९ डिसेंबर.
जमुनेला मेहकरला धाडली. भिंतीबाहेरच्या अब्दुल रहीमची भाड्याची दमणी, बैल चपळ, माणूस सज्जन. सकाळी निघाले ते दुपारच्या आत परत आले. रहीम पार पांढरा पडला होता. म्हणाला, नदी उतरून गाडी वर चढली नाही तोच बाई ओकायला लागल्या, जीव घाबरा झाला, मी आपलं मागे वळवलं.

तिच्या पदरात होतं ते मी पाहिलं. केस. लाळेने माखलेले, बोटाएवढा जाड पेड, अजून निम्मा घशात. मीच ओढून काढला. हात-दीड हात निघत राहिला, आणि त्यात नखांच्या चकत्या. तिची नखं, मी ओळखतो. शी! बायकोला हात लावायची मला किळस आली, हे इथे लिहून ठेवतो.

ता. १० डिसेंबर.
दोरा शाबूत असता तर तिचा कागद काढला असता, पुडी तिच्या हातात ठेवली असती, की संपलं. एका घटकेचं काम! आता एकशे अठ्ठ्याहत्तर कोऱ्या पुड्या. नव्याजुन्या सगळ्यांच्या मोहरा सारख्या, कारण जुन्या मीच हौसेने पुसून लखलखीत करवल्या. केस आत बंद, फोडल्याशिवाय दिसायचे नाहीत. नत्थुजीलाही सांगता येईना. नुसता रडला.

मूल इथे जन्मलं तर पाचव्या दिवशी त्याची पुडी होईल. माझं मूल या वासात वाढेल, या भिंतीत मरेल. नाही. तसं होऊ देणार नाही मी.

ता. १२ डिसेंबर.
एक वाट आहे. जमुनेने आपल्या हाताने एकेक पुडी फोडायची. तिची असली तर ती सुटली. नसली तर —
नदीवरून परत आल्यापासून ती रोज सकाळी केस ओकते. ते थांबलं की समजायचं.
तिला सांगितलं, कंपनीचे जुने नमुने आहेत, तपासून टाकायचे आहेत, मला मदत कर. नाकाला पदर लावून तिने पाच फोडल्या. मला म्हणाली, तुम्ही हे असलं घाण काम माझ्याकडून का करून घेता? मी म्हटलं, तुझी बोटं नाजूक आहेत.
संध्याकाळपर्यंत झोपड्यांत पाचजणांची नखं गेली.

ता. १५ डिसेंबर.
आज दहा. टोपलीत माझीही पुडी आहे. प्रत्येक मोहर तडकते तेव्हा मी आपली नखं चाचपतो. घट्ट आहेत. हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याची शिसारी येते.

ता. २१ डिसेंबर.
सरकारी कचेरीतून हुकूम आला, साथीमुळे आवारात कुणी येऊ नये, कुणी बाहेर जाऊ नये. महादेवराव त्याआधीच अमरावतीला गेले. माझी यादी बरोबर नेली. फार सुबक झाली आहे म्हणाले.
आज बारा. तिची ओकारी चालूच.

ता. २७ डिसेंबर.
नत्थुजी गेला. शेवटी त्याला दात नव्हते, तरी बोलत होता. मले समजलं होतं, साहेब, म्हणाला, तुमी काय करून राहिले ते. मीबी बापच आहो. शिवी तरी द्यायची होती त्याने! माझ्या तोंडावर थुंकायचं होतं!
आज नऊ.

ता. २ जानेवारी १८६५.
यंत्र बंद. रेचे बंद. पडवीत सरकी न काढलेला कापूस, त्यात केस. जिकडेतिकडे केस. पाण्यात, भातात. भाकरी मोडली तर केसाची तार निघाली. मी ती तशीच खाल्ली. माझी किळस कुठे गेली? सगळी आत वळली वाटतं. आरशात बघवत नाही.

ता. ६ जानेवारी.
माणिकबाई तेवढी उरली आहे. सुईण. जमुनेची पोटच्या पोरीसारखी काळजी घेते. तिला तरी वाचव रे देवा म्हणालो, आणि उरलेल्या तीन पुड्यांची टोपली जमुनेपुढे सरकवली. थकले आहे, परवा फोडीन, म्हणाली.
देवालाही माझी घाण वाटत असेल.

ता. ८ जानेवारी.
माणिकबाई समोरच बसून जमुनेच्या पायांना तेल चोळत होती. जमुनेने मोहर फोडली. माणिकबाईची दहाही नखं तेलाच्या वाटीत पडली.

जमुनेने वाटीकडे पाहिलं, हातातल्या पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, किती? मी सांगितलं. सगळं सांगितलं. चौतीस मी जाळले तेही. ती विहिरीवर जाऊन हात घासत बसली, राखेने, मग विटेने, रक्त येईपर्यंत. मी जवळ गेलो तर म्हणाली, मला शिवू नका.

ता. ९ जानेवारी.
माणिकबाई पहाटे गेली.
टोपलीत दोन पुड्या उरल्या. एक तिची. एक माझी. मी दोन्ही हातांवर तोलून पाहिल्या, नाकाला लावून पाहिल्या. काही कळत नाही.
ती म्हणते, मी आता एकही फोडणार नाही, माझ्या हाताने आणखी कुणी मरायचं नाही.

ता. १० जानेवारी, सकाळ.
कळा सुरू झाल्या. सुईण नाही.
भिंतीवरून हाका मारून अब्दुल रहीमला बोलावलं. हुकूम मोडून आला. दमणी फाटकाशी उभी आहे. त्याची आई कुलसुमबी बाळंतपणं करते, तिला गाडीत बसवून आणलीय. नदी समोर दिसते. पलीकडे पोचलं की मूल बाहेर जन्मेल, कुणाच्या यादीत नसेल.

मी जमुनेला खोटं सांगितलं. म्हटलं, एक पुडी तुझी, दुसरी नत्थुजीची; माझी मी मागेच आपल्या हाताने फोडली. तो तर म्हातारपणाने कधीच गेला. आता तुझ्या हाताने कुणी मरणार नाही. दोन्ही फोड, एकामागून एक, थांबू नको, आणि गाडीत बस. मी कागद आवरून मागाहून येतो.
तिने माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी नीट पाहिलं. विचारलं, नक्की?
नक्की म्हणालो.

खिडकीशी बसून लिहितो आहे. ती उंबऱ्यावर बसली आहे, पुड्या मांडीवर. कळ येते तेव्हा दाराची चौकट धरते. कुलसुमबी तिला सावरते आहे.
पहिली उचलली —
लाख फोडते आहे —
तडकली. मी ऐकलं —
ती घसा चाचपते. ओकारी — आली. अजून आहे — म्हणजे ही तिची नव्हती —
बोरू धरवेना. अंगठ्याचं नख बोरूबरोबर — शी, किती सहज — कागद ओला झाला —
जमुने, इकडे बघू नको, दुसरी फोड, लवकर, दुस