राखीव गोलकीपरच्या बारा गुंठ्यांची व्यवस्था

मी, सुग्रीव ज्ञानोबा होगे, वय ५८, धंदा शेती, राहणार मानवत, जिल्हा परभणी, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट दबाव आला म्हणूनच लिहायला बसलो. मुलगा परमेश्वर पुण्याहून दिवाळीला आला, तो प्लॉट पाडणाऱ्या माणसाला सोबत घेऊनच.

वकील व्यंकटरावांनी धंदा 'शेती' एवढाच घातला. त्यापुढे हेही धरावं : मुंबईच्या एका बड्या फुटबॉल क्लबचा नऊ हंगाम राखीव गोलकीपर. क्लबचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीही माझं कुठं लिहिलं नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी दैवशाला हिला. तिच्या पश्चात घर दोन्ही लेकरांना निम्मं-निम्मं.

कलम २. हातमोजे. क्लबात असताना सुट्टीला गावी आलो की सराव बुडू नये म्हणून दैवशाला पदर खोचून अंगणात माझ्यावर चेंडू मारायची. शेजारीण विचारायची, "बाई, नवऱ्यावर कशाचा राग काढायलीस?" तिनं उजव्या कोपऱ्यात मारलेला चेंडू मला शेवटपर्यंत नीट अडवता आला नाही. "सामन्यात कधी उतरणार?" हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही. हातमोजे तिचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

कलम ३. गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव माझ्या सत्कारात माईकवर म्हणाले होते, "आपला सुग्रीव मुंबईला जाऊन लय बसला." सगळा मांडव हसला. मी नारळ तिथंच ठेवून खाली उतरलो. त्यांना माझी लोखंडी खुर्ची द्यावी. तिच्यावर त्यांनी भर उन्हात नव्वद मिनिटं बसावं, अंग गरम ठेवून, कोणत्याही क्षणी उठून पळायचंय असं धरून. मग काय बोलायचं ते बोलावं.

कलम ४. पाथरी रस्त्यालगतची बारा गुंठे जागा. ही वडिलोपार्जित नाही. क्लबच्या पगारातून घेतली, म्हणून ती कुणाला द्यायची हे मी ठरवणार. तिथं मी गोलचे खांब रोवलेत. माझी मुलगी विजयमाला शाळेत शिक्षिका आहे, ती रोज सकाळी तिथं मुलींना फुटबॉल शिकवते. परमेश्वर परवा म्हणाला, "अण्णा, लाखांची जागा पडीक ठेवून बसलाव. जन्मभर बाकावर बसून काय मिळालं तुमाला?"

काय मिळालं म्हणजे? ही जागा मिळाली, बाबा.

दर सामन्याआधी आमचे प्रशिक्षक विचारायचे, "सुग्रीव, तयार?" मी म्हणायचो, "तयार." एका अंतिम सामन्यात पहिल्या गोलकीपरचा गुडघा मुरगळला. मी जाकीट काढून रेषेपाशी उभा राहिलो. तो लंगडत उठला, हातानंच मला मागं फिरवलं आणि थोड्याच वेळात सोपा गोल खाल्ला. कप गेला. त्याला मी माफ केलेलं नाही, मेल्यावरही करणार नाही. पण मला उतरवलं नाही म्हणून मी खेळाडू नव्हतो, हे मला कबूल नाही. मी तयार होतो. तेच माझं काम होतं आणि ते मी एकदाही चुकवलं नाही.

ही जागा विजयमालाला देतो. खांब उपटायचे नाहीत, जागा विकायची नाही. तिथं खेळच चालेल.

कलम ५. व्यंकटराव म्हणाले, "मृत्युपत्राला एक व्यवस्थापक नेमा. त्याला जमलं नाही तर म्हणून दुसरा पर्यायी नेमून ठेवा." ऐकून बरं वाटलं. कायद्यालाही राखीव माणूस लागतो तर. व्यवस्थापक विजयमाला. पर्यायी व्यवस्थापक परमेश्वर.

परमेश्वरा, आता नीट ऐक. सगळे कागद तुला ठाऊक पाहिजेत. मैदानाच्या फाटकाची एक किल्ली तुझ्याकडं राहील. दर सुट्टीला मैदानावर चक्कर मारायची. तुझी बारी कदाचित कधीच येणार नाही. पण विजयमाला आजारी पडली, तिची बदली लांब झाली, तर त्या जागेची राखण तुझ्या हातात येईल, आणि प्लॉटवाला तेव्हाच दारात येईल. त्याला आत सोडायचं नाही. हे जमलं तर बापानं जन्मभर काय केलं ते तुला समजेल. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरा बघतो. तुझा घरातला हिस्सा त्यानं तुटणार नाही.

व्यंकटराव म्हणतात, पर्यायी माणसाची सही कायद्याला लागत नाही. कायद्याला नसेल लागत, मला लागते. तो इथं समोरच बसलाय. खाली त्याच्यासाठी जागा सोडली आहे. ती कोरी राहिली तरी बाकी सगळं कायम.

ठिकाण : मानवत
दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५
सही : सुग्रीव ज्ञानोबा होगे

सुग्रीवरावांनी आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार :
१. डॉ. शुभदा चारठाणकर
२. पंडित मारोती रनेर

पर्यायी व्यवस्थापक : परमेश्वर सुग्रीव होगे
वाचलं. अण्णा, तयार.